टेस्ट पास, पेशंट नापास

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन वाजला की आयटीतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. प्रॉडक्शन पडलं असणार! पण हा फोन ऑनसाइटचा नव्हता, नांदेडचा होता. शाळेतला मित्र. पाचवी ते दहावी एका बाकावर बसलेलो आम्ही. आता त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, आणि ड्रायव्हर बुडाला की स्वतःच गाडी घेऊन निघतो.

"काय करूलालास?" इथून सुरुवात झाली. मग नांदेडचं ऊन, मग आमच्या गणिताच्या मास्तरांची तब्येत, मग परत ऊन. दहा मिनिटं झाली तरी गाडी मुद्द्यावर येईना. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "तू पुण्यात असतोस. तिथं मोठ्या मोठ्या लॅबा असतेत. कुणाला न कळता एक टेस्ट होईल का रे?"

"आत्ता पुण्यात नाही. लातूरला आलोय, मावशीकडे."

"लातूर?" तो क्षणभर थांबला. "मग तर बरंच झालं की. लातुरात मला कोण ओळखतंय!"

तर प्रकार असा होता. महिन्याभरापूर्वी तो गाडीबरोबर हैदराबादकडे गेला होता. तिथलं पुढचं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत आल्यावर चार दिवसांत लघवीला आग, मग पू. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघून मेडिकलवाल्याला हळूच सांगितलं. त्यानं सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी हातात ठेवली. ना चिठ्ठी, ना चौकशी. पाच दिवस खाल्ली, उपयोग शून्य. मग दुसऱ्या दुकानातून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या. थोडं कमी झालं, पुन्हा सुरू. आणि त्याची बायको सहाव्या महिन्यात.

"तिला काय होईल का रे? लेकराला?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत हा आवाज मी ऐकला नव्हता.

आमच्या आजीच्या पिढीत या रोगाला सरळ 'परमा' म्हणायचे. आपण शिकलो-सवरलो आणि त्याचा 'गुप्तरोग' झाला. हा शब्द आता फक्त एस्टी स्टँडच्या मुतारीतल्या जाहिरातींत उरलाय. इंग्रजी नाव गनोरिया. जंतू आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरनं १८७९ साली शोधला.

रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. आपल्याला सवयच असते, एरर मेसेज गूगलवर टाकायची. तासाभरात मी या विषयातला स्वयंघोषित तज्ज्ञ झालो होतो. थोडक्यात इतिहास सांगतो, कारण तो भयंकर आहे. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली. दहा वर्षांत हा जंतू त्यांना पुरून उरला. मग पेनिसिलिन. १९७६ मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारं एन्झाइम घेऊनच तो हजर. मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रो. २००७ मध्ये अमेरिकेनं या रोगासाठी सिप्रो द्यायची शिफारस मागे घेतली. २०१२ मध्ये सेफिक्झिमच्या गोळीचं पहिल्या पसंतीचं स्थान गेलं. २०२० मध्ये जोडीला दिली जाणारी ॲझिथ्रोही काढली. उरलं एकच, सेफ्ट्रिॲक्झोनचं इंजेक्शन. आणि त्यालाही दाद न देणारा जंतू २००९ मध्ये जपानच्या क्योटोत सापडला होताच. म्हणजे दर व्हर्जनला पॅच येतो आणि दर पॅचला हॅकर तयार!

पण मला जी गोष्ट सापडली तिनं मी एकदम खूश झालो. जंतूच्या 'जायर-ए' नावाच्या जनुकात एक जागा आहे, ९१ वी. तिथं मूळचं सेरीन हे अमिनो आम्ल असेल तर त्या जंतूवर सिप्रो चालणार, बदललं असेल तर नाही. बस! एका जागेवरचं एक अक्षर बघायचं. पीसीआरवर काही तासांत उत्तर. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांचा जंतू या जागी मूळचा निघाला अशा शंभराहून अधिक लोकांना सिप्रोचा एकच डोस दिला. सगळे बरे झाले. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनं तर रोगाचं निदान आणि ही जागा, दोन्ही एकाच वेळी बघणारं किट बाजारात आणलंय.

ग्रेप मारल्यासारखंच की हे. जंतूचा अख्खा सोर्स कोड बावीस लाख अक्षरांचा, त्यात एक ओळ शोधायची. सापडली तर हे औषध, नाही तर ते. मी मनात म्हटलं, आपल्याला हीच टेस्ट पाहिजे.

माझी मावसबहीण लातूरला मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आयुष्य लॅबमध्ये गेलंय तिचं. सकाळी सहाला ताई चहा टाकत होती तेव्हा ओट्याशी उभं राहून सगळं सांगितलं. नाव सोडून.

"आजच बोलाव त्याला," ती म्हणाली. "आणि सांग, तपासायच्या आधी दोन तास लघवी करायची नाही."

"ताई, तो नांदेडहून एस्टीनं येणार आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर..."

"मग चाकूरच्या आधी उरकून घे म्हणावं."

मग मी माझं रात्रीचं संशोधन काढलं. जायर-ए, ९१ वी जागा, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मित्रानं आधी काय खाल्लं म्हणालास?"

"सिप्रो."

"गुण आला?"

"नाही."

"झाली की तुझी टेस्ट! फुकटात!"

मी गप्प. ताईनं कपात चहा ओतला आणि मग नीट समजावून सांगितलं. ते मला आमच्या कोणत्याही ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

समजा एका शहरात परम्याचे शंभर पेशंट आहेत आणि त्यातल्या साठांच्या जंतूवर सिप्रो अजून चालते. तिथे ही टेस्ट केली तर साठ जणांना साधी स्वस्त गोळी देता येईल, आणि शेवटचं इंजेक्शन बाकीच्या चाळीस जणांपुरतं वापरलं जाईल. उत्तम टेस्ट. आता समजा दुसऱ्या शहरात शंभरातल्या फक्त पाचांवर सिप्रो चालते. तिथेही टेस्ट तितकीच अचूक आहे, मशीन तेच, किट तेच. पण शंभर किट फोडून तुम्ही पाच इंजेक्शनं वाचवलीत. भारत हे दुसरं शहर आहे. दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलमधलं केंद्र वर्षानुवर्षं या जंतूची कल्चर करतंय, आणि आपल्याकडचे बहुसंख्य नमुने सिप्रोला कधीच दाद देईनासे झालेत. जे औषध कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, त्याचं दुसरं काय होणार?

"म्हणजे टेस्ट चांगली की वाईट, हे टेस्टवर नसतंच," मी म्हणालो.

"कुठं उभं राहून विचारतोस त्यावर असतं," ताई म्हणाली. "लंडनमधला चांगला प्रश्न नांदेडमध्ये फुकटचा असू शकतो."

"मग सेफ्ट्रिॲक्झोनसाठी तशी टेस्ट करा ना. तो प्रश्न तर आपल्याकडेही कामाचा आहे."

इथे खरी गोम आहे. सिप्रोचा मामला एका जागेवर ठरतो. ॲझिथ्रोचा जरा अवघड. तिथे ज्या जनुकात बदल होतो त्याच्या जंतूकडे चार-चार प्रती असतात. एकच प्रत बदलली तर फारसा फरक पडत नाही, तीन-चार बदलल्या तर औषध पार निकामी. त्याशिवाय जंतूकडे औषध बाहेर फेकणारा एक पंप असतो, तो जोरात चालू झाला की वेगळीच भानगड. आणि सेफ्ट्रिॲक्झोनचा तर सगळा गुंताच. मुख्य जनुक 'पेन-ए'. पण त्यात एक अक्षर बदलत नाही, तुकडेच्या तुकडे बदलतात. आपल्या घशात या जंतूची निरुपद्रवी चुलतभावंडं राहतात. त्यांच्याकडून हा उसने तुकडे घेतो आणि आपल्या जनुकात जोडतो. कॉपी-पेस्ट! (आमच्या धंद्यातलीच सवय.) जपानमध्ये २०१५ मध्ये सापडलेल्या आणि मग जगभर पसरलेल्या जातीतला 'पेन-ए ६०' नावाचा नमुना पीसीआरनं ओळखता येतो. तो सापडला तर धोक्याची घंटा नक्की. पण सापडला नाही तर? तर एवढंच कळलं की हा ओळखीचा चोर नाही.

आणि घशातला नमुना घेतला तर आणखी गंमत. ती चुलतभावंडं तिथेच असतात आणि त्यांच्या जनुकाचे तुकडे सारखेच दिसतात. मशीन कुणाचा कोड वाचतंय याचीच खात्री करून घ्यावी लागते.

क्यूएवाल्यांना हे नवीन नाही. सगळ्या टेस्ट केस हिरव्या झाल्या म्हणजे बग नाही असं नसतं. लिहिलेल्या केसमध्ये बग नाही एवढंच. या जगातलं याचं सगळ्यात भारी उदाहरण २००६ सालचं स्वीडनचं आहे. रोग वेगळा, क्लॅमिडिया, पण परम्याचाच सोबती. तिथल्या हालांड प्रांतात पेशंट अचानक कमी झाले. आनंदाची गोष्ट! पण कुणीतरी शंका घेतली. निघालं असं, की तिथे वापरात असलेल्या टेस्ट जंतूच्या डीएनएचा जो तुकडा शोधायच्या, नेमक्या त्या ठिकाणची ३७७ अक्षरं गाळलेला एक जंतू तयार झाला होता. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून औषध नाही, म्हणून तो आणखी पसरला. टेस्टनंच त्याला रान मोकळं करून दिलं.

तरी टीबीत हे जमलं. नांदेड, लातूर, सगळीकडे टीबीसाठी सीबीनॅट आणि ट्रूनॅटची मशीनं पोचली. (ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातली. बॅटरीवर चालतं, वीज गेली तरी काम थांबत नाही.) थुंकीतून टीबी आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देईल का, दोन्ही एकदम सांगतात. कारण टीबीच्या जंतूत या औषधाचा बिघाड बहुतेक वेळा ८१ अक्षरांच्या एकाच छोट्या पट्ट्यात होतो. परम्याच्या जंतूनं सेफ्ट्रिॲक्झोनबाबत अशी सोय ठेवलेली नाही.

मित्र साडेअकराला पोचला. चेहरा उतरलेला, तोंडाला रुमाल बांधलेला. लातूरच्या मेच्या उन्हात रुमालाचं कुणाला काही वाटत नाही, ते एक बरं. ताईच्या ओळखीच्या त्वचारोग आणि गुप्तरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एकही टोमणा न मारता सगळी माहिती विचारली, तपासलं, स्वॅब घेतला. ताईनं तिथेच काचपट्टीवर फासला, ग्रामचे रंग चढवले. वीस मिनिटांत मायक्रोस्कोपखाली उत्तर हजर. मला बघू दिलं. पूच्या पेशींच्या आत गुलाबी ठिपके, जोडीजोडीनं, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवल्यासारखे.

"पुरुषाला पू येत असेल तर ही पट्टी शंभरातले पंचाण्णव पकडते," ताई म्हणाली. "१८८४ सालचा रंग आहे हा. खर्च म्हणशील तर तुमच्या पुण्यातल्या कॉफीपेक्षा कमी."

दुसरा स्वॅब तिनं थेट चॉकलेट अगारच्या प्लेटवर ओढला. (चॉकलेट नसतं त्यात. रक्त गरम केलं की तो रंग येतो.) प्लेट एका डब्यात, डब्यात पेटती मेणबत्ती, वर घट्ट झाकण. मेणबत्ती विझली की आत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, आणि या महाराजांना तो लागतो. तापमान शरीराइतकं लागतं. फ्रीजमध्ये ठेवला तर मरतो, वाळला तर मरतो, पोचायला उशीर झाला तर मरतो. माणसात इतका चिवट आणि बाहेर इतका नाजूक! म्हणूनच कल्चर करणाऱ्या लॅब कमी. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्लीला नमुना पाठवला तर दिल्लीत मढं पोचेल. इथे पीसीआर जिंकते. तिला मेलेल्या जंतूचा डीएनएही चालतो.

पण कल्चर जे सांगतं ते पीसीआर सांगू शकत नाही. पीसीआर कोड वाचते, कल्चर प्रोग्रॅम चालवून बघतं. जंतू जिवंत वाढवायचा, त्यावर औषधाच्या पट्ट्या ठेवायच्या आणि कुठवर वाढतो ते बघायचं. बदल कुठल्या जनुकात झालाय, उसना कुणाकडून घेतलाय, माहीत असायची गरज नाही. हा जंतू या औषधानं मरतो की नाही, एवढंच. दोन-तीन दिवस लागतात, इतकंच त्याचं वाईट.

डॉक्टरांनी तितकी वाट बघितली नाही. सेफ्ट्रिॲक्झोनचं इंजेक्शन तिथेच दिलं, क्लॅमिडियासाठी वेगळ्या गोळ्या लिहिल्या, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आता मिसेसचं."

मित्र जमिनीकडे बघत राहिला. "तिला काही त्रास नाही, साहेब. तिला नसंल."

"बायकांना बहुतेक वेळा त्रास होतच नाही," डॉक्टर म्हणाले. आईला असेल तर बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जातो, वेळेवर लक्ष दिलं नाही तर नजर जाऊ शकते, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते. हे सगळं त्यांनी न घाबरवता सांगितलं. मग ताईकडे बघितलं. ती म्हणाली की काचपट्टीचा इथे भरवसा नाही, बाईच्या बाबतीत ती निम्म्या केसेस सोडते. इथे पीसीआरच पाहिजे.

म्हणजे माझी लाडकी मॉलिक्युलर टेस्ट शेवटी कामाला आली, पण दुसऱ्याच प्रश्नासाठी. 'कुठलं औषध?' हे तिला विचारायचं नव्हतं. 'आहे का?' एवढंच विचारायचं होतं.

संध्याकाळी गंजगोलाईत चहा घेत बसलो. तो अर्धा तास बोलला नाही. मग म्हणाला, "तिला गोळी दुधात घालून देता येईल का? सांगायची गरज पडणार नाही."

"इंजेक्शन आहे ते."

"हं."

मी काय बोलणार? माझ्याकडे जायर-ए होतं, पेन-ए होतं, स्वीडनची गोष्ट होती. हे असं सांगायचं कसं, ते कुठल्याच पेपरात नव्हतं. साडेसातच्या गाडीत त्याला बसवून दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, आणि खिशावर सारखा हात.

त्यानं सांगितलं. कसं सांगितलं, तिनं काय म्हटलं, ते त्या दोघांचं. सोमवारी नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये तिचा स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता लगेच इंजेक्शन दिलं. स्वॅब कुरिअरनं मुंबईला गेला. शुक्रवारी उत्तर आलं, पॉझिटिव्ह. तिला एका दिवसाचाही त्रास झालेला नव्हता.

ताईची प्लेटही मधेच बोलली होती. सिप्रोच्या पट्टीला जंतू अगदी चिकटून वाढले होते, जणू पट्टी तिथे नव्हतीच. सेफ्ट्रिॲक्झोनच्या पट्टीभोवती स्वच्छ मोकळी जागा. अजून चालतंय, ती म्हणाली. 'अजून' या शब्दावर जरा जोर होता.

यातली दोन गोष्टींची हळहळ अजून जात नाही. एक म्हणजे टीबीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात बसवलेल्या त्या सीबीनॅटच्या पेटीत परमा आणि क्लॅमिडियाचंही काडतूस चालतं, दीड तासात उत्तर देतं. पेटी तीच, काडतूस फक्त वेगळं. त्या बाईचा स्वॅब मुंबईला जायचं काही कारण नव्हतं. आणि दुसरं, ज्यासाठी तो एस्टीनं जवळजवळ दीडशे किलोमीटर तोंडाला रुमाल बांधून आला, त्यासाठी सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. मोफत. सल्ला द्यायला माणूस असतो, आणि रंगानं ओळखायची औषधांची किट्स. लघवीवाटे पू येत असेल तर राखाडी किट. अनेक वर्षं त्यात सेफिक्झिम आणि ॲझिथ्रो एकत्र असायच्या. नांदेडला जन्म काढूनही आम्हा दोघांना हे माहीत नव्हतं. मुतारीतली जाहिरात मात्र दोघांना पाठ होती.

इंजेक्शननंतर महिन्यानं तिची परत टेस्ट झाली. लगेच केली असती तर मेलेल्या जंतूंच्या डीएनएनंही पॉझिटिव्ह आली असती, म्हणून थांबायचं असतं. निगेटिव्ह आली. त्यानंतर ती माहेरी गेली, ठरल्यापेक्षा बरीच आधी.

ऑगस्टच्या शेवटी मुलगी झाली. मित्राचा फोन आला, या वेळी भर दुपारी. ऊन-पावसाची चौकशी नाही, काही नाही. "डोळे उघडून बघूलालीय रे," एवढंच म्हणाला. बायको अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. बारशाचं आमंत्रण आलंय. ताईलाही. तिला वाटतं आपण जाऊ नये, बाईला उगीच अवघडल्यासारखं होईल. मी अजून ठरवलेलं नाही.